गुरुवारची भाजी

माणूस गेल्यावर घरच्यांना रडायला सवड मिळू नये अशीच बहुधा सगळी व्यवस्था असते. चौथ्या दिवशी मी फोन घेऊन बसले होते. तेराव्याचं कोणाकोणाला कळवायचं याची यादी करायची होती आणि त्यासाठी नवऱ्याच्या खिशातली छोटी डायरी काढली होती. आयुष्यभर त्यांना 'अहो' म्हटलं, तेव्हा इथेही मी 'हे' एवढंच म्हणेन. नाव घ्यायची सवय आता या वयात कशाला लावून घ्यायची.

ह्यांचा मोबाईलच्या स्मरणशक्तीवर विश्वास नव्हता. सगळे नंबर डायरीत, अक्षरवारीने. सरकारी नोकरीत जन्मभर फायली लावल्या त्याच शिस्तीने. 'ग'च्या पानावर आधी गॅसवाला, मग ग्वाल्हेरची आत्या आणि त्याखाली 'गुरुवार ४'. पुढे नंबर. नाव नाही.

मी तो नंबर लावला. एका बाईने उचलला. भोपाळात अनोळखी माणसाशी हिंदीच, तेव्हा मी हिंदीत सांगितलं, मी अमक्यांची पत्नी, हे शुक्रवारी सकाळी गेले, हार्ट अटॅक, तेरावं कोलार रोडच्या घरीच आहे.  ती हळू आवाजात म्हणाली, "मुझे बहुत दुख हुआ." मी विचारलं, आपण ह्यांना कशा ओळखता. त्यावर ती म्हणाली की ते मला सांगता येणार नाही, माफ करा.

आता सांगा, काय समजायचं? बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारा आणि दर गुरुवारी चार वाजता एक बाई. दोन दिवस मी मनातल्या मनात ह्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. एकीकडे लोक येऊन 'देवमाणूस होता' म्हणत होते आणि मी मान हलवत होते. तिसऱ्या दिवशी तो नंबर माझ्या मोबाईलमध्ये सेव्ह केला, तेव्हा व्हॉट्सॲपवर छोट्या गोलातला फोटो दिसला. माणसाचा नव्हता, एका पाटीचा होता. तिच्यावर हिंदीत लिहिलं होतं, मनोवैज्ञानिक परामर्श, म्हणजे आपलं मानसिक समुपदेशन. खाली शाहपुऱ्याचा पत्ता.

मग मला गुरुवारची भाजी आठवली.

हे दर गुरुवारी साडेतीनला स्कूटर काढायचे. निवृत्त मंडळींचा कट्टा असतो म्हणायचे. सहाच्या सुमाराला परत यायचे ते हातात भाजीची पिशवी घेऊन. लग्नानंतर ज्या माणसाने कोथिंबिरीची काडी कधी घरात आणली नाही, तो गेली दोन वर्षं गुरुवारी भाजी आणत होता. गिलकी, म्हणजे आपली घोसाळी, जास्त करून. ह्यांना गिलकी मुळीच आवडत नसे. मी वैतागायची, घरात भाजी पडली आहे आणि हे पुन्हा घेऊन आले. हे म्हणायचे, "तळ्याच्या बाजूला ताजी मिळते." शाहपुऱ्याच्या तळ्यापाशी स्कूटर लावून हे पुढे चालत जात असणार. पाटीखाली आपली स्कूटर कोणाला दिसू नये म्हणून. आणि गुडघे दुखत असताना दोन जिने चढत असणार. शेवटच्या गुरुवारची गिलकी अजून फ्रिजमध्ये होती. पिशवी उघडली तर सालं सुरकुतली होती. मी तिथेच फ्रिजला टेकून रडले. हे गेल्यापासून पहिल्यांदा.

ह्यांना तिथे का जावंसं वाटलं, याचं कोडं मला पडलं नाही. आमच्या घरात एकच गोष्ट होती जी बोलली जात नव्हती.

आमचा मुलगा एकोणीस वर्षांचा असताना गेला. त्याला आता अकरा वर्षं झाली. माझ्याकडे दुसऱ्या दिवशी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि माझी नवी काळी साडी फॉल-पिकोला टाकलेली होती. मुलगा कॉलेजातून दमून आला होता. मी म्हटलं, जा, साडी घेऊन ये. हे पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "उद्या सकाळी आणेल की." मी म्हटलं, उद्या सकाळी मला हजार कामं आहेत, आजच पाहिजे. मुलाने दोघांकडे बघितलं आणि मोटारसायकलची किल्ली उचलली. साडी त्याने आणलीही होती. परत येताना वळणावर डंपर होता. साडी दुसऱ्या दिवशी मिळाली, डिक्कीत, शिंप्याची चिठ्ठी टाचलेली. ह्यांनी ती माझ्या हातून घेतली, स्टूल ठेवून कपाटाच्या वर नेऊन ठेवली आणि त्यानंतर साडी, फॉल, शिंपी यांतला एक शब्दही आमच्या घरात कोणी उच्चारला नाही.

हे मला कधी काही बोलले नाहीत. रागानेही नाही आणि प्रेमानेही नाही. 'तू पाठवलंस' म्हणाले नाहीत, 'तुझी चूक नव्हती' असंही म्हणाले नाहीत. अकरा वर्षं मी त्यांच्या चहात साखर घालताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आणि आता कळत होतं की शाहपुऱ्यात एक खोली होती, जिथे ते शंभर गुरुवार बोलत होते. तिथे त्यांनी माझ्याबद्दल काय म्हटलं, एवढंच मला पाहिजे होतं.

तेरावं झालं, पाहुणे गेले आणि मी त्या पत्त्यावर गेले.

खोली साधी होती. दोन खुर्च्या समोरासमोर नाहीत, जरा तिरप्या. मध्ये स्टुलावर कागदी रुमालांचा डबा. बाई पस्तिशीची असेल, सुती कुर्ता, चष्मा. मी हिंदीत सुरुवात केली, तर ती म्हणाली, "बसा ना काकू." मी चकित झाले. विचारलं, तुम्ही मराठी का? माहेर भोपाळचंच, पण सासर मराठी, ग्वाल्हेरचं, ती म्हणाली. एवढंच तिने स्वतःबद्दल सांगितलं, आणि तेवढंच मी लक्षात ठेवलं.

मी सरळ विचारलं. हे तुमच्याकडे येत होते, मला कळलंय, मला फक्त एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे.

ती म्हणाली, "काकू, माझ्याकडे कोण येतं आणि कोण नाही येत, हे मी कुणालाच नाही सांगू शकत."

मी म्हटलं, मी कोणी परकी नाही, बायको आहे. लग्नाला पस्तीस वर्षं झाली. त्यांची पेन्शन माझ्या नावावर होते, त्यांचे कपडे मी दान केले, मग त्यांचे शब्द तेवढे तुमचे कसे? ती शांतपणे ऐकत होती. मला त्या शांतपणाचा राग येत होता. शाळेत सत्तावीस वर्षं मी शिकवलं, समोरचं माणूस गप्प राहिलं की मला ते उद्धटपणाच वाटतं. शेवटी मी म्हटलं, माणूस गेला, आता कोणापासून लपवायचं?

"गेल्यावर तर जास्तच सांभाळावं लागतं," ती म्हणाली. "ते येऊन हो-नाही थोडीच म्हणू शकतात." मग म्हणाली, "तुम्ही आज इथे आलात, हेसुद्धा मी कुणाला नाही सांगणार."

तिने मला एक दुसरा नंबर लिहून दिला. म्हणाली, तुम्हाला स्वतःसाठी बोलायचं असेल तर या बाई चांगल्या आहेत, माझ्याकडे नको, ते बरोबर नाही होणार. मी तो कागद पर्समध्ये कोंबला आणि नमस्कार न करता निघाले. जिना उतरताना म्हणत होते, बघते कशी सांगत नाही ते.

पुढचं जे मी केलं, ते आमच्यासारख्या माणसांनाच सुचू शकतं. मी ओळख काढली.

इथे बाहेरच्या माणसाला हे समजणार नाही. मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली तेव्हा माझे सासरे नागपुराहून फायलींच्या पेट्यांबरोबर आले. तशी कितीतरी घरं आली. काही आधीपासून इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेरकडची होती. परक्या मुलखात मूठभर माणसं, तेव्हा एकमेकांना धरून राहायचं हे अंगात मुरलेलं. कोणाच्या मुलाला ॲडमिशन हवी, हॉस्पिटलात खाट हवी, बदली थांबवायची आहे, की पहिला प्रश्न हाच, तिथे आपलं कोण आहे? कोणीतरी निघायचंच. कोणाची आत्या, कोणाचा मेव्हणा. ओळख निघाली की दार उघडायचं. माझ्या आयुष्यात एकही असं दार मी पाहिलं नव्हतं जे ओळखीने उघडलं नाही.

ग्वाल्हेरचं सासर आणि शाहपुऱ्यात दवाखाना. मला दोन फोन लागले. त्या बाईची सासू आमच्याच मंगळवारच्या भजनी मंडळात होती, पेटीच्या उजव्या बाजूला बसणारी. वीस वर्षांची ओळख, पण सून काय करते ते कधी विचारलं नव्हतं. मी त्यांच्या घरी न जाता, भजन संपल्यावर त्यांना बाजूला घेतलं. आणि काम सांगायचं म्हणजे कारण सांगणं आलंच. मी सगळं सांगितलं. हे दोन वर्षं तुमच्या सुनेकडे येत होते, मनाचा काही त्रास असणार, मुलाचं दुःख असणार, तुम्ही जरा तिच्याजवळ विषय काढा.

त्यांचे डोळे भरून आले. माझा हात धरून म्हणाल्या, "अहो, त्यात काय एवढं? घरचीच तर मुलगी आहे. मी विचारून टाकते ना."

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज उतरलेला. त्यांनी जेवताना विषय काढला होता. सून ताटावरून उठली नाही, रागावलीही नाही. फक्त म्हणाली, "आई, तुम्ही मला हे विचारलं, ते मी विसरून जाते. तुम्हीपण विसरून जा." आणि मग उसळीत मीठ कमी आहे का, असं विचारलं. सासूबाईंना ते लागलं होतं. "बघा, घरातल्या माणसाशीही असं वागतात या मुली," त्या म्हणाल्या. मीही हो ला हो केलं.

सून विसरली असेल. सासूबाईंना विसरता आलं नाही. त्यात त्यांचा दुष्टपणा नव्हता. सुनेने आपल्याला कसं तोडून टाकलं हे त्यांना कोणालातरी सांगायचं होतं, आणि ते सांगायचं तर ती कशाबद्दल बोलायला तयार नव्हती, हेही सांगणं आलं. अगदी मला आलं होतं तसंच.

दोन मंगळवारांनी मी मंडळात गेले तर माझ्यासाठी भिंतीजवळची जागा मोकळी ठेवली होती, पाठ टेकायला. एकीने पाठीवरून हात फिरवला आणि कानाशी म्हणाली, तिच्या भावालाही असंच होतं, गोळ्या चालू होत्या, कोणाला कळू दिलं नाही. दुसरीने विचारलं, रात्री-बेरात्री उठून बसायचे का हो ते? सगळ्या माझ्याशी फार चांगलं वागत होत्या. मी टाळ हातात धरून बसले, वाजवता आला नाही.

आणि मग नागपूरहून धाकट्या दिरांचा फोन आला. मंडळातल्या कोणाची तरी बहीण त्यांच्या कॉलनीत राहते. ओळख म्हणजे ओळख, ती काय माझ्यापुरतीच असणार होती?

आधी इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "वहिनी, दादा मानसिकवाल्यांकडे जायचा म्हणे. आम्हाला बोलला नाहीत तुम्ही."  त्यांनी घसा साफ केला. "नाही, म्हणजे वाईट वाटून घेऊ नका. पण तो अटॅकच होता ना, नक्की?"

मला ते काय विचारत आहेत ते कळायला एक क्षण लागला. ह्यांनी त्या सकाळी कुंडीतल्या तुळशीला पाणी घातलं होतं, दूध तापायला ठेवून मला हाक मारली होती आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच खाली बसले होते. माझ्या मांडीवर गेले. आणि त्यांच्या सख्ख्या भावाच्या मनात आता वेगळंच काही होतं, आणि ते तिथे मी घातलं होतं. मी म्हटलं, अटॅकच होता, माझ्यासमोर होता, आणि फोन ठेवला. 

त्या माणसाने दोन वर्षं तळ्याशी स्कूटर लावली, दुखऱ्या गुडघ्यांनी चालत गेला, न आवडणारी गिलकी घेऊन घरी आला, एवढ्यासाठी की हे कोणाला कळू नये. त्या बाईने ते गुपित राखलं. तिची खोली, तिच्या भिंती, तिने घरच्या जेवणाच्या टेबलावरही राखलं. पस्तीस वर्षं संसार केलेल्या बायकोने ते दोन महिन्यांत भोपाळपासून नागपूरपर्यंत पोहोचवलं. आणि मला वाटत होतं की मी त्याचं मन जाणून घ्यायला निघाले आहे.

मी पुन्हा शाहपुऱ्याला गेले, माफी मागायला. खोलीत गेल्यावर बसलेच नाही. उभ्यानेच सांगितलं की तुमच्या सासूबाईंना मी गळ घातली होती, आता ते सगळीकडे झालं आहे, दिरांपर्यंत गेलं आहे, माझं चुकलं. ह्यांचा भरवसा तुमच्यावर होता आणि तो मी मोडला. मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा म्हणेल की जाऊ द्या काकू, त्यांनी तुम्हाला माफ केलं असतं. ती दोन्हीतलं काही म्हणाली नाही. म्हणू शकत नव्हती. तिच्या लेखी हे तिच्याकडे आलेच नव्हते. मी कोणाची माफी मागते आहे, हेसुद्धा तिला कबूल करता येत नव्हतं.

ती उठून उभी राहिली, एवढं मात्र खरं. माझ्यासाठी पाणी आणलं आणि मी ते पिईपर्यंत माझ्याजवळ उभी राहिली. तिचेही डोळे ओले होते. ते कशासाठी, हे मी विचारलं नाही. विचारायचं नाही, एवढं तोपर्यंत मला कळलं होतं.

पर्समधला तो कागद मी थंडी पडल्यावर काढला. त्या दुसऱ्या बाई अयोध्या नगरला बसतात, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. माझ्याच वयाच्या आहेत, मराठी नाहीत. आमच्या मंडळींतल्या कोणाच्याही कोणी नाहीत, याची मी आधी खात्री करून घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, कशासाठी आलात. मी म्हटलं, आधी तुम्ही सांगा, इथलं कुठे कुठे जातं.

त्या हसल्या नाहीत. नीट सांगितलं. त्या थोडं लिहून ठेवतात, ते कुलपात असतं. घरच्यांनी विचारलं तरी, मी परवानगी दिल्याशिवाय, सांगत नाहीत. मात्र माझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, एखाद्या मुलावर अत्याचार होतोय असं कळलं, किंवा कोर्टाने मागितलं, तर त्यांना तोंड उघडावं लागेल, आणि तेव्हाही शक्यतो आधी मला सांगून. मी विचारलं, आणि मी मेल्यावर? माझं कोणी आलं विचारत?

"तब भी नहीं," त्या म्हणाल्या.

मी त्या कागदी रुमालांच्या डब्याकडे बघितलं. सगळ्यांकडे तोच डबा असतो वाटतं. मग मी बोलले. हिंदीत, कारण ते मराठीत माझ्या तोंडून निघत नव्हतं. साडी मला आज नको होती, उद्याही चालली असती. हे म्हणालेही होते. मी पाठवलं. अकरा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा कोणासमोर उच्चारलं, आणि ज्याच्यासमोर उच्चारायला हवं होतं तो माणूस अकरा वर्षं रोज माझ्यासमोर जेवायला बसत होता. मला फक्त विचारायचं होतं, तुम्ही मला दोष देता का. त्यालाही कदाचित काही विचारायचं असेल. आम्ही दोघांनी एकमेकांना भाजी वाढली.

आता मी दर गुरुवारी जाते. वार त्या बाईंनीच दिला, मी मागितला नव्हता. बसने जाते आणि एक स्टॉप आधी उतरते. कोणी ओळखीचं भेटेल म्हणून आधी उतरते, हे माझ्या लक्षात यायलाही दोन-तीन आठवडे लागले. परवा फाटकाशी शेजारच्या वहिनींनी विचारलं, कुठे जाऊन आलात एवढ्या लांब? माझ्या हातात मेथीची जुडी होती. येताना घेतली होती. मी म्हटलं, भाजीला. तिकडे ताजी मिळते.

घरी येऊन पेपर पसरला आणि मेथी निवडायला बसले. एका माणसाला एक जुडी फार होते. समोरची खुर्ची रिकामी होती, आणि मी तिच्याकडे बघून मोठ्याने विचारलं, "अहो, तुम्ही तिथे माझं नाव काढलं होतं का?"

काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला केली. पानं धुवायला घेतली. मग पुन्हा त्या खुर्चीकडे वळून म्हटलं, "राहू द्या. नका सांगू."